मॉरिशसचा ‘बेस्ट लूझर’ आणि १९७२ मध्ये थांबलेली जनगणना

मॉरिशसच्या नॅशनल असेंब्लीची निवडणूक लढवायची असेल, तर उमेदवारी अर्जात आपला समुदाय लिहावा लागतो. पर्याय चारच: हिंदू, मुस्लिम, सायनो-मॉरिशियन (चिनी वंशाचे) आणि जनरल पॉप्युलेशन (उरलेले सगळे). रकाना कोरा ठेवला की अर्ज बाद होतो. मतदाराला असं काही सांगावं लागत नाही. जनगणनेतूनही हा प्रश्न १९८२ मध्ये काढून टाकला गेला. तरीही प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीनंतर या चार नावांवरून आणि १९७२ च्या आकड्यांवरून भागाकार केले जातात आणि हरलेल्या काही उमेदवारांना खासदार म्हणून सभागृहात घेतलं जातं. या पद्धतीला तिथे ‘बेस्ट लूझर’ म्हणतात. एका लहानशा बेटावर बाहेरून आलेल्या लोकांनी एकमेकांच्या संख्येची भीती कशी आवरली आणि त्या उपायाचाच पुढे पेच कसा झाला, हे या प्रकरणात स्पष्ट दिसतं.

बेट मुळात निर्मनुष्य होतं. डच आले आणि १७१० मध्ये सोडून गेले. फ्रेंचांनी मादागास्कर आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम आणून उसाची शेती उभी केली. १८१० मध्ये ब्रिटिशांनी बेट जिंकलं, पण जमीनदार, भाषा आणि कायदे बहुतांशी फ्रेंचच राहिले. १ फेब्रुवारी १८३५ ला गुलामगिरी संपली. त्याच्या तीनच महिने आधी, २ नोव्हेंबर १८३४ ला, ‘ऍटलास’ जहाजातून गिरमिटिया मजूर पोर्ट लुईला उतरले होते. पुढच्या सुमारे ऐंशी-नव्वद वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसं पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावरून गेली. सर्वांत जास्त बिहार आणि आजूबाजूच्या भागातली होती. मद्रासकडून तमिळ आणि तेलुगू आले, मुंबई बंदरातून कोकणातले मराठी गेले. व्यापाराच्या निमित्ताने गुजराती मुसलमान आणि चिनी दुकानदार आले. घटनेतले चार समुदाय याच बोटींमधून उतरलेले आहेत, फक्त त्यांची विभागणी एका निकषावर झालेली नाही. दोन समुदाय धर्मावरून ठरतात, एक मूळ देशावरून, आणि चौथ्यात उरलेले सगळे. हा घोळ पुढे महागात पडला.

मताधिकार जसजसा वाढला, तसतशी संख्येची चिंताही वाढली. १९४८ च्या निवडणुकीत बेटावरच्या कुठल्याही भाषेत साधं लिहिता-वाचता येणाऱ्याला मत मिळालं आणि ऊसमळ्यातल्या भारतीयांचं वजन एकदम वाढलं. १९५९ मध्ये सर्व प्रौढांना मत मिळालं. निम्म्याहून अधिक लोकसंख्या हिंदू. स्वातंत्र्य आलं की कायमचं हिंदूंचं राज्य येणार, असं आफ्रिकन गुलामांचे वंशज असलेले क्रिओल, गोरे आणि मुसलमान यांच्यातल्या अनेकांना वाटत होतं. अब्दुल रझाक मोहम्मद यांच्या कोमिते द आक्सियों म्युझुलमान या पक्षाला मुसलमानांसाठी हमी हवी होती. १९६६ मध्ये सर हॅरल्ड बॅनवेल यांच्या आयोगाने स्वतंत्र मतदारयाद्यांची कल्पना नाकारली. त्यांनी सुचवलेल्या दुरुस्त्या मजूर पक्ष आणि त्याच्या सोबत्यांना पटल्या नाहीत. मग ब्रिटिश वसाहत खात्याचे जॉन स्टोनहाउस बेटावर आले आणि बोलणी होऊन आठ जादा जागांचा तोडगा निघाला. विभक्त मतदारसंघांचं पुढे काय होतं, हे भारतात पाहून झालेलं होतं. त्या मानाने हा तोडगा शहाणपणाचाच होता: मत सगळ्यांनी सगळ्यांना द्यायचं, आणि निकालानंतर तोल सावरायचा.

आठ जागा कशा भरतात

मुख्य बेटाचे २० मतदारसंघ आहेत आणि प्रत्येकातून ३ जण निवडून येतात. रॉड्रिग्ज बेटाच्या २ जागा धरून ६२ होतात. मतदाराने तीनच्या तीन मतं द्यावी लागतात, रॉड्रिग्जमध्ये दोन. कमी-जास्त दिली की मतपत्रिका बाद.

निकाल लागले की निवडणूक पर्यवेक्षण आयोग हरलेल्या उमेदवारांची यादी समुदायानुसार लावतो. क्रम लागतो तो आपल्या मतदारसंघात मिळालेल्या मतांच्या टक्केवारीवर. अपक्षांचा विचार होत नाही, उमेदवार नोंदलेल्या पक्षाचा किंवा आघाडीचा असावा लागतो. आघाडी म्हणून नोंद झाली असेल, तर ती एकच पक्ष धरली जाते.

त्यानंतर भागाकार. १९७२ च्या जनगणनेतली समुदायाची संख्या भागिले सभागृहात त्या समुदायाचे आत्ता असलेले सदस्य अधिक एक. ज्याचा भागाकार सर्वांत मोठा, तो ‘योग्य समुदाय’. त्याच्या यादीत वर असलेल्या उमेदवाराला जागा मिळते. एक जागा दिली की गणित नव्याने करायचं.

उदाहरण घेऊ. १९७२ मध्ये हिंदू सुमारे ४ लाख २८ हजार, जनरल पॉप्युलेशन २ लाख ६१ हजार, मुस्लिम १ लाख ३७ हजार आणि सायनो-मॉरिशियन २४ हजार होते. समजा, एखाद्या निवडणुकीत ६२ पैकी ३८ हिंदू, १७ जनरल पॉप्युलेशनचे, ६ मुस्लिम आणि १ सायनो-मॉरिशियन निवडून आले. हा निकाल केवळ समजण्यासाठी घेतलेला आहे. हिंदूंचा भागाकार ३९ ने, म्हणजे साधारण ११ हजार. जनरल पॉप्युलेशनचा १८ ने, साडेचौदा हजार. मुस्लिमांचा ७ ने, साडेएकोणीस हजार. सायनो-मॉरिशियनांचा २ ने, १२ हजार. पहिली जागा मुस्लिम उमेदवाराला. आता मुस्लिमांना ८ ने भागायचं: १७ हजार, तरीही तेच पुढे. तिसऱ्या वेळी ९ ने: १५ हजार, पुन्हा तेच. चौथ्या वेळी मुस्लिमांचा आकडा १३ हजार ७०० वर उतरतो आणि साडेचौदा हजारांवर असलेल्या जनरल पॉप्युलेशनला जागा जाते.

सायनो-मॉरिशियनांचा आकडा इथे बारकाईने बघण्यासारखा आहे. त्यांचा एकही जण निवडून आला नसेल, तर भागाकार पूर्ण २४ हजारांचा होतो आणि पहिली जागा त्यांच्याकडे जाते. एक जण आला की तो थेट १२ हजारांवर येतो आणि दुसरी जागा जवळपास कधीच मिळत नाही. त्यांच्यासाठी हा कायदा म्हणजे किमान एका जागेची खात्री.

पहिल्या चार जागा अशा पक्ष न बघता भरतात. खरी हुशारी पुढच्या चारांत आहे. पहिल्या चारांपैकी जितक्या जागा सर्वांत यशस्वी पक्षाबाहेर गेल्या, तितक्या दुसऱ्या चारांतून त्या पक्षाला मिळतात, शक्य तितकं समुदायाचं गणित सांभाळून. तरीही जागा उरल्या, तर ज्या पक्षांना या आठांतलं काही मिळालेलं नाही त्यांच्याकडे वळतात. हेतू असा की समुदायांचा तोल साधताना लोकांनी दिलेला राजकीय कौल बिघडू नये. ऑगस्ट १९६७ ची निवडणूक याचा पहिला कस होती. स्वातंत्र्यवादी आघाडीला ३९ आणि गायतां द्युव्हाल यांच्या पीएमएसडी या पक्षाला २३ जागा होत्या. बेस्ट लूझरनंतर ४३ आणि २७ झाल्या. अंतर १६ चं १६ राहिलं. १९७६ मध्ये तिरंगी लढत होती: पॉल बेराँजे यांचा एमएमएम पक्ष ३०, मजूर पक्षाची आघाडी २५, पीएमएसडी ७. जादा जागांनंतर हेच आकडे ३४, २८ आणि ८ झाले. मजूर पक्ष आणि पीएमएसडी एकत्र आले तेव्हा त्यांची आघाडी दोनच जागांनी पुढे होती, आणि बेस्ट लूझर नसते तरी दोनच जागांनी असती. ज्यांनी हे सूत्र बांधलं त्यांनी काम चोख केलं होतं.

एका बाबतीत सूत्राने न ठरवलेलं कामही केलं आहे. १९८२ मध्ये एमएमएम आणि पीएसएम या पक्षांच्या आघाडीने मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा जिंकल्या. १९९५ मध्ये मजूर पक्ष आणि एमएमएमने तेच केलं, आणि २०२४ मध्ये मजूर पक्षाचे नेते नवीन रामगुलाम यांच्या आलियांस द्यु शांजमां या आघाडीने. एका मतदारसंघातले तिघेही एकाच लाटेत निवडून येण्याच्या पद्धतीत हे होणारच: वीस-पंचवीस टक्क्यांच्या आसपास मतं घेऊनही विरोधकांच्या हाती काही लागत नाही. अशा वेळी सभागृहात विरोधी आवाज येतो तो बेस्ट लूझरच्या दारातून. १९८२ मध्ये विरोधी पक्षनेते झालेले द्युव्हाल असेच आले आणि २०२४ नंतरचे विरोधी पक्षनेते जो लेजोंगारही. या तिन्ही वेळा मात्र आठऐवजी चारच जागा भरल्या गेल्या. जिंकलेल्या आघाडीचा कुणी हरलेलाच नव्हता, मग तोल साधणाऱ्या दुसऱ्या चार जागा द्यायच्या कुणाला?

१९९५ च्या चार जागा कुणाला गेल्या तेही सांगायला हवं. दोन रॉड्रिग्जच्या हरलेल्या पक्षाला, एक द्युव्हाल यांच्या पक्षाला आणि एक हिझबुल्ला नावाच्या मुस्लिम पक्षाला. रॉड्रिग्जमध्ये दोन पक्षांची सरळ लढत असते, त्यामुळे हरणाऱ्याची टक्केवारीही मोठी असते. शिवाय तिथले बहुतेक सगळे जनरल पॉप्युलेशनमध्ये मोडतात. क्रम टक्केवारीवर लागत असल्याने पोर्ट लुई किंवा क्युरपीपच्या गर्दीच्या लढतीत हरलेल्यांपेक्षा रॉड्रिग्जचे उमेदवार यादीत वर राहतात.

कुठे बिघडलं

मुळात जनगणनेचे आकडे दर वेळी नवे घ्यायचे होते. १९८२ मध्ये सत्तेवर आलेल्या सरकारने माणसांना समुदाय विचारणं बंद केलं. विचार चांगला होता: देश एक व्हायचा असेल, तर सरकारने दर दहा वर्षांनी घरोघरी जाऊन तू कुणातला हे विचारू नये. १९८३ ची जनगणना त्याशिवाय झाली. पण ते सरकार वर्षभरात फुटलं आणि आठ जागा तशाच राहिल्या. घटनेतच लिहिलं गेलं की गणितासाठी १९७२ ची प्रसिद्ध झालेली जनगणनाच धरायची. पन्नास वर्षांहून जास्त काळ उलटला, तरी भागाकाराचा वरचा आकडा हललेला नाही. या काळात जन्मदर बदलले, क्रिओल आणि गोरी कुटुंबं ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्सला गेली, चिनी तरुण कॅनडाला गेले, मिश्र विवाह वाढले. यातलं काहीही त्या तक्त्यात नाही.

दुसरी अडचण व्याख्येची. घटनेची पहिली अनुसूची म्हणते की हिंदू, मुस्लिम आणि सायनो-मॉरिशियन असे तीन समुदाय आहेत आणि ज्याच्या ‘राहणीवरून’ तो या तिघांपैकी कुणाचाच वाटत नाही, तो जनरल पॉप्युलेशनचा. ही राहणी म्हणजे काय, कुठेच सांगितलेलं नाही. मतदाराला उमेदवाराच्या घोषणेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाकडे जाता येतं. म्हणजे कुणीतरी न्यायालयात उभं राहून दुसऱ्याच्या घरातल्या पूजेचा, जेवणाचा, नावाचा हिशेब मांडू शकतं. आई तमिळ, वडील क्रिओल, स्वतः कॅथलिक असलेल्या माणसाने काय लिहावं?

शिवाय चौथ्या पेटीत ऊसमळ्यांचे मालक असलेले फ्रेंच वंशाचे गोरे आणि त्यांच्याच मळ्यांत राबवलेल्या गुलामांचे वंशज एकत्र आहेत. देशातली मोठी संपत्ती आणि मोठं दारिद्र्य, दोन्ही एकाच नावाखाली. १९९९ च्या फेब्रुवारीत गायक काया यांचा पोलिस कोठडीत मृत्यू झाला आणि क्रिओल वस्त्यांमध्ये दंगली उसळल्या, तेव्हा ‘जनरल पॉप्युलेशनला पुरेसं प्रतिनिधित्व आहे’ या हिशेबात काय काय झाकलं जातं ते उघड झालं. संख्या बरोबर भरली म्हणून क्रिओल माणसाचं म्हणणं सभागृहात पोहोचतंच असं नाही.

मराठी माणसाची गोष्ट याच्या अगदी शेजारची आहे. मॉरिशसमध्ये मराठी बोलणाऱ्यांचे वंशज थोडे, पण ठसठशीत आहेत. कास्काव्हेलला मराठा मंदिर आहे, मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत मराठी शिकवली जाते, कोकणातल्या जाखडीचं रूप तिथे झाकरी म्हणून नाचतात आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. पण निवडणुकीच्या अर्जावर मराठी, तमिळ, तेलुगू आणि भोजपुरी-हिंदी सगळे ‘हिंदू’. म्हणून या गटांची मागणी बेस्ट लूझरमधून पुढे येऊच शकत नाही. ती तिकीटवाटपात, मंत्रिमंडळात, भाषासंस्थांच्या अनुदानात आणि दूरचित्रवाणीच्या वेळेत मांडली जाते. हिंदू पेटीच्या आतले ताण कायद्यात नाहीत, पक्षांच्या बंद खोल्यांत आहेत. तिथे तीन जागांच्या मतदारसंघासाठी तीन नावं ठरवताना धर्म, भाषा आणि जात यांची मोजदाद कायद्यापेक्षा कितीतरी बारीक होते. पंतप्रधानपदाचंही तसंच: आजवर फक्त पॉल बेराँजे, २००३ ते २००५, हे हिंदू नसलेले पंतप्रधान झाले, आणि यासाठी कुठलाही लिखित नियम नाही. बेस्ट लूझर काढला की जमातवाद संपेल, असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

कोरा रकाना

२००५ च्या निवडणुकीत रेझिस्तान्स एक आल्तर्नातिव या डाव्या पक्षाच्या उमेदवारांनी तो रकाना कोरा ठेवला आणि अर्ज बाद झाल्यावर न्यायालयात गेले. न्यायमूर्ती एडी बॅलन्सी यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने उलट सांगितलं: घोषणा केल्याशिवाय गणित होऊ शकत नाही, म्हणून घोषणा सक्तीची. कायद्याच्या अक्षराला धरून ते चूक नव्हतं. सभागृहातल्या एकाचाही समुदाय माहीत नसेल, तर भागाकाराचा खालचा आकडा येत नाही. प्रकरण मॉरिशसचं सर्वांत वरचं अपील न्यायालय असलेल्या लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंतही गेलं, पण २०११ मध्ये तिथेही उमेदवारांच्या हाती काही लागलं नाही.

निर्णायक वाक्य बाहेरून आलं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने जुलै २०१२ मध्ये म्हटलं की समुदायांचे ताजे आकडे नसताना उमेदवाराला समुदाय जाहीर करायला लावणं मनमानी आहे आणि नागरी व राजकीय हक्कांच्या कराराच्या कलम २५ चा भंग आहे. समितीने आठ जागा चुकीच्या ठरवल्या नाहीत. तिने फक्त जुने आकडे आणि सक्ती यांनी मिळून घातलेल्या कुलपाकडे बोट दाखवलं. एक तर पुन्हा मोजा, नाही तर सक्ती सोडा. पुन्हा मोजायचं तर १९८२ मध्ये जे विचारणं बंद केलं तेच विचारावं लागेल, आणि नवे आकडे कुणाच्या बाजूने जातील याची धास्ती प्रत्येकाला आहे. सक्ती सोडायची तर हमी जाते, आणि ती हमी मुसलमानांना विशेष मोलाची वाटते. म्हणून सरकारं बदलली, पण कुलूप तसंच राहिलं.

२०१४ मध्ये तेवढ्या एका निवडणुकीपुरता कायदा झाला: ज्याला जाहीर करायचं नाही त्याने करू नये, मात्र त्याला बेस्ट लूझरची जागा मिळणार नाही. तात्पुरता असला, तरी सक्ती काढूनही निवडणूक पार पडते हे त्याने दाखवून दिलं. पुढच्या खेपेला, २०१९ मध्ये, जुना नियम परत आला आणि कोरे अर्ज पुन्हा बाद झाले.

सुधारणेचे आराखडे कमी पडलेले नाहीत. दक्षिण आफ्रिकेचे न्यायमूर्ती ॲल्बी सॅक्स यांच्या आयोगाने २००२ मध्ये ६२ जागांना प्रमाणशीर पद्धतीच्या ३० जागा जोडायला सांगितलं. त्या आयोगावर भारताच्या निवडणूक आयोगाचे बी. बी. टंडनही होते. पक्षांच्या मतांच्या प्रमाणात यादीतून जागा भरल्या, तर साठ-शून्य निकालाचा अन्यायही कमी होतो आणि पक्ष सर्व समाजांतले चेहरे यादीत घालतात. कुणालाही अर्जावर काही लिहावं लागत नाही. आमच्या मते आजवरचा सर्वांत सरळ मार्ग हाच होता. तो अडला तो तपशिलावर. मोठ्या पक्षांना अशी भीती की यादीतल्या जागांमुळे स्पष्ट बहुमत निसटेल, आणि छोट्या समाजांना अशी की यादीतला क्रम पक्षनेता ठरवणार. डिसेंबर २०१८ च्या घटनादुरुस्ती विधेयकात तर काही जादा जागा थेट पक्षनेत्यांच्या हातात द्यायच्या होत्या. घटनेने दिलेल्या हमीच्या जागी नेत्याची मर्जी आणणारा तो प्रस्ताव होता, आणि लागणारं तीन चतुर्थांश बहुमत त्याला मिळालं नाही, ते बरंच झालं.

२०२४ नंतर परिस्थिती वेगळी झाली. सत्तारूढ आघाडीने ६० जागा जिंकल्या आणि त्या आघाडीत रेझिस्तान्स एक आल्तर्नातिवही होता. त्याचे नेते अशोक सुब्रोन निवडून येऊन मंत्री झाले. घटना बदलण्याइतकं संख्याबळ एका बाजूला क्वचितच येतं. पण ज्या सभागृहात विरोधक बेस्ट लूझरमुळेच आलेले आहेत, तिथे ती पद्धत काढायची तर तिच्या जागी काय येणार हे आधी त्याच विधेयकात लिहिलं पाहिजे: प्रमाणशीर जागा किती, यादीचा क्रम निवडणुकीपूर्वी जाहीर आणि न बदलता येणारा असेल का, आणि रॉड्रिग्जची टक्केवारी मुख्य बेटाशी कशी जुळवायची. तोवर निदान २०१४ ची मुभा कायम करता येईल. त्यासाठी कुणाची हमी काढून घ्यावी लागत नाही, आणि ज्याला चारपैकी कुठलंच नाव लावून घ्यायचं नाही त्याला उभं राहता येतं.